नवी पाटी की जुना संगणक?

दहावी-बारावीचे निकाल लागले की देशातील असंख्य घरांत एक विषय निघतो. मुलाला किंवा मुलीला पुढील शिक्षणासाठी संगणक हवा असतो. त्यासाठी बाजूला काढलेली रक्कम पंधरा-वीस हजार रुपयांपलीकडे जात नाही. आणि एवढ्या रकमेत बऱ्या प्रतीचा नवा लॅपटॉप येत नाही, हे पहिल्याच दुकानात कळून चुकते. अशा वेळी दुकानदार काचेच्या कपाटातून एक चकचकीत टॅबलेट काढून पुढे ठेवतो. तो नवा असतो, हलका असतो, खोक्यात बंद असतो आणि त्यावर एक वर्षाची हमी असते. त्याच बाजारात, पुष्कळदा त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर, जवळपास तेवढ्याच किमतीला एखाद्या कचेरीत चार-पाच वर्षे वापरला गेलेला आणि नंतर दुरुस्त करून विक्रीस ठेवलेला लॅपटॉप मिळत असतो. बाजारात त्याला 'रिफर्बिश्ड' म्हणतात. मराठीत नूतनीकृत म्हणता येईल. अनेक कुटुंबे टॅबलेटच निवडतात. जुन्या वस्तूची धास्ती वाटते, नव्या वस्तूची वाटत नाही, हे त्यामागील साधे कारण होय.

ही निवड वाटते तितकी किरकोळ नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ साली, देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्के आणि शहरी कुटुंबांपैकी २३.४ टक्के कुटुंबांकडे संगणक असल्याचे आढळले. या गणनेत टॅबलेटही धरलेले होते. स्मार्टफोन मात्र नव्हते. ज्या घरात पहिलाच संगणक येणार आहे, त्या घराला चुकलेल्या खरेदीची भरपाई पुढील वर्षी करता येत नाही. तीन-चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम त्याच यंत्रावर पार पाडावा लागतो. म्हणून नवे की जुने हा प्रश्न मागे ठेवून, या यंत्राकडून कोणते काम करून घ्यावयाचे आहे, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

टॅबलेट या शब्दाचा मूळ अर्थच पाटी असा आहे. स्वस्त विद्युत-पाटी प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती द्यावी, ही कल्पना आपल्या देशात एके काळी फार जोरात होती. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते 'आकाश' या टॅबलेटचे अनावरण झाले. सरकारला तो सुमारे २,३०० रुपयांना पडणार होता आणि विद्यार्थ्याला त्याच्या जवळपास निम्म्या किमतीत मिळणार होता. जगभर त्याची चर्चा झाली. परंतु सात इंचांचा, बोटाने दाबल्याशिवाय न उमटणारा पडदा, अत्यंत मंद प्रक्रियक आणि अवघी २५६ मेगाबाइट रॅम एवढ्या सामग्रीवर महाविद्यालयीन काम चालणे कठीणच होते. सुधारलेली 'आकाश २' ही आवृत्ती ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते प्रकाशित झाली. तरीही पुढे ही योजना विरून गेली. त्याच सुमारास तामिळनाडू सरकारने २०११ पासून विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटण्यास प्रारंभ केला. उत्तर प्रदेशात २०१२ च्या निवडणुकीत दहावी उत्तीर्णांना टॅबलेट आणि बारावी उत्तीर्णांना लॅपटॉप देण्याचे आश्वासन दिले गेले होते. त्यांपैकी लॅपटॉप २०१३ पासून लाखोंच्या संख्येने वाटले गेले, टॅबलेटची योजना मात्र बारगळली. हे सर्व लॅपटॉप नवे होते, हे खरे. शिवाय आजचे टॅबलेट 'आकाश'पेक्षा कितीतरी सरस आहेत, हेही मान्य केले पाहिजे. पण 'आकाश'ची अडचण केवळ त्याच्या मंदपणाची नव्हती, आणि उरलेली अडचण यंत्र वेगवान झाल्याने दूर होत नाही.

ती अडचण अशी. टॅबलेट हे मुख्यतः पाहण्याचे, वाचण्याचे आणि ऐकण्याचे साधन आहे. विद्यार्थ्याला मात्र वाचण्याबरोबर लिहावयाचे असते: प्रकल्पाचा चाळीस पानांचा अहवाल, हिशेबाचा तक्ता, संगणकाची आज्ञावली, यंत्राचा आराखडा. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मुक्त संगणक-प्रणाली शिकविणारे छोटे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत तेथे तयार झाले. पडद्याच्या एका बाजूस पाठ चालू ठेवावा आणि दुसऱ्या बाजूस तीच कृती स्वतः करून पाहावी, अशी त्यांची शिकविण्याची रीत आहे. दोन खिडक्या शेजारी शेजारी उघड्या ठेवून तासन्‌तास काम करणे लॅपटॉपवर सहज जमते. स्वस्त टॅबलेटवर एकतर पडदा अपुरा पडतो, नाहीतर ज्या प्रणालीचा सराव करावयाचा तीच तेथे उपलब्ध नसते.

कळफलकाचेही तसेच आहे. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली भारतीय लिप्यांसाठी 'इनस्क्रिप्ट' ही कळफलक-रचना प्रमाण ठरविली. तिच्यात स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजने उजव्या हाताकडे असून, एका लिपीत 'क' ज्या कळीवर असतो त्याच कळीवर तो इतर लिप्यांतही असतो. देवनागरीत टंकलेखन शिकलेल्या माणसाची बोटे बंगाली किंवा कन्नड लिहितानाही योग्य जागी पडतात. या सोयीचा लाभ खऱ्याखुऱ्या कळा असलेल्या यंत्रावरच पुरतेपणी मिळतो. काचेवर उमटणारा कळफलक निम्मा पडदा व्यापून टाकतो आणि बोटांना जागेची खूण देत नाही. टॅबलेटला वेगळा कळफलक जोडता येतो, पण त्याचे पैसे वेगळे मोजावे लागतात आणि प्रणालींची मर्यादा तशीच राहते. शिवाय बहुतेक घरांत आज एक तरी स्मार्टफोन आहेच. स्वस्त टॅबलेट घेणारे कुटुंब पुष्कळ अंशी त्याच फोनची मोठ्या आकाराची आवृत्ती विकत घेत असते.

आता या जुन्या लॅपटॉपांच्या उगमाकडे वळू. बंगळूर, हैदराबाद, पुणे, चेन्नई, गुरुग्राम अशा शहरांतील मोठ्या कंपन्या आपल्या नोकरवर्गासाठी हजारो लॅपटॉप एकदम घेतात. अनेकदा ते विकत न घेता तीन-चार वर्षांच्या भाडेकराराने घेतलेले असतात. करार संपला की यंत्र चांगले चालत असूनही बदलले जाते, कारण हमी संपलेली यंत्रे सांभाळणे कंपनीला परवडत नाही. असे लॅपटॉप गठ्ठ्याने व्यापाऱ्यांकडे जातात. सरकारी व सार्वजनिक क्षेत्रातील कार्यालयांच्या जुन्या यंत्रांचे लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या मार्फतही होतात. अखेर हा माल दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, बंगळूरचा एस. पी. रोड, कोलकात्याचे चांदनी मार्केट अशा बाजारांत पोहोचतो. अलीकडे घरपोच विक्री करणाऱ्या संघटित कंपन्याही या व्यवसायात उतरल्या आहेत.

या उगमामुळेच नूतनीकृत लॅपटॉपचा विचार करण्याजोगा ठरतो. कंपन्या घेतात ती यंत्रे घरगुती विक्रीच्या स्वस्त यंत्रांहून वेगळ्या घडणीची असतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ही त्यांतील परिचित नावे. त्यांच्या बिजागऱ्या धातूच्या व भक्कम असतात, कळफलक दिवसभराच्या टंकलेखनासाठी बनविलेला असतो, आणि मुख्य म्हणजे ती उघडून दुरुस्त करता यावीत अशी त्यांची रचना असते. त्यांच्या दुरुस्तीच्या सचित्र पुस्तिका निर्माते स्वतःच सर्वांसाठी प्रसिद्ध करतात. २०१८ सालच्या थिंकपॅड टी-४८० या नमुन्यात रॅमसाठी दोन खाचा आहेत आणि दोन बॅटऱ्यांपैकी एक बाहेरून, पेचकसाशिवाय, काढता येते. याउलट टॅबलेटची बॅटरी बहुधा डिंकाने चिकटविलेली असते, पडदा उष्णता देऊन सोडवावा लागतो आणि रॅम मुख्य पट्टीवर कायमची जोडलेली असते. दोन-तीन वर्षांनी तो मंद झाला तर त्याला वेगवान करण्याचा काहीही उपाय नसतो. लॅपटॉप मंद झाला तर रॅम वाढविता येते, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविता येते, आणि त्यासाठी तालुक्याच्या गावीही कारागीर मिळतो. अलीकडील अति-पातळ लॅपटॉपांत मात्र रॅम टॅबलेटप्रमाणेच पक्की जोडलेली असते. तेवढ्यासाठी थोडा जाड आणि वजनदार नमुना घेणेच शहाणपणाचे.

तथापि 'नूतनीकृत' हा शब्द वस्तूच्या गुणाची हमी देत नाही. चांगला व्यावसायिक यंत्र उघडून धूळ काढतो, पंख्याखालील सुकलेली उष्णतावाहक लुकणी बदलतो, डिस्क तपासून जुनी माहिती कायमची पुसतो, बॅटरी मोजतो आणि गरज असल्यास बदलतो. दुसरा एखादा केवळ झाकण पुसून वर नवे आवरण चिकटवितो. दोघेही एकच शब्द वापरतात. विक्रेते यंत्रांना ए, बी, सी अशा श्रेणी देतात, त्याही बहुतेक करून बाह्य रूपावरून दिलेल्या असतात. झाकणावर ओरखडा असलेला बी श्रेणीचा लॅपटॉप आतून ए श्रेणीच्या लॅपटॉपपेक्षा निरोगी असू शकतो, आणि ओरखड्यामुळे तो स्वस्तही मिळतो.

पहिली तपासणी प्रक्रियकाच्या पिढीची. 'कोअर आय५ आहे' एवढे सांगून विक्रेता थांबला, तर त्याने यंत्राचे वय सांगितलेले नाही. आय५ नावाचे प्रक्रियक २०१० पूर्वीपासून बनत आले आहेत. खरी खूण पुढील आकड्यात असते. ७२०० म्हणजे सातवी पिढी, ८२५० म्हणजे आठवी. आकडा दहाने सुरू होणारा पाच अंकी असेल तर दहावी. सातव्या पिढीच्या आय५-७२००यू मध्ये दोन गाभे आहेत, तर आठव्या पिढीच्या आय५-८२५०यू मध्ये चार. म्हणून चौथ्या पिढीच्या आय७ साठी जास्त पैसे मोजणाऱ्याची फसगतच होते.

या सीमारेषेला आणखी एक कारण आहे. विंडोज ११ ही प्रणाली २०२१ साली आली तेव्हा इंटेलच्या साधारणतः आठव्या पिढीपासूनचेच प्रक्रियक तिला अधिकृतपणे चालतील असे ठरविण्यात आले. तिच्याआधीच्या विंडोज १० ला मिळणारे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षेपुरती काही काळाची मुदतवाढ तेवढी देण्यात आली. परिणामी सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रे मोठ्या संख्येने बाजारात आली आणि त्यांचे भाव उतरले. युक्तीने त्यांवर विंडोज ११ बसवूनही विकले जाते. ज्याला विंडोजवरच काम करणे भाग आहे त्याने या मोहात पडू नये. आठवी पिढी, ८ गीगाबाइट रॅम आणि २५६ गीगाबाइटची एसएसडी एवढी किमान अपेक्षा धरावी. विंडोजचा परवाना अस्सल आहे की नाही, हे यंत्राच्या मांडणी-पानावर तेथल्या तेथे पाहता येते.

ज्याचे विंडोजवाचून अडत नाही त्याला ही स्वस्त झालेली यंत्रे वरदानच होत. लिनक्स या मुक्त प्रणालीच्या उबुंटू, मिंट इत्यादी आवृत्त्या विनामूल्य मिळतात आणि जुन्या यंत्रांवर सुखेनैव चालतात. हा प्रयोग हौशी माणसांपुरता मर्यादित आहे असे समजण्याचे कारण नाही. केरळ राज्याच्या सरकारी शाळांत गेली कित्येक वर्षे संगणक-शिक्षण मुक्त प्रणालीवरच दिले जाते आणि तेथील 'काइट' ही सरकारी संस्था शाळांसाठी लिनक्सची स्वतःची आवृत्ती तयार करते. मात्र लेखापालनाचे किंवा अभियांत्रिकीचे एखादे ठराविक सॉफ्टवेअर महाविद्यालयात सक्तीचे असेल, तर ते लिनक्सवर चालते का, हे खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे.

बॅटरीची तपासणी सर्वांत जास्त वेळा टाळली जाते. लिथियम-आयन बॅटरी वापरली तरी झिजते आणि नुसती ठेवली तरी झिजते. विंडोजमध्ये एका छोट्या आज्ञेने बॅटरीचा लेखी अहवाल मिळतो. त्यात निर्मितीच्या वेळची क्षमता आणि आजची पूर्ण भारित क्षमता हे दोन आकडे दिलेले असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या तीन-चतुर्थांशाहून बराच कमी असेल, तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरूनच सौदा करावा. विक्रेत्याने आपण होऊन नवी बॅटरी घातली असल्यास ती कोणत्या बनावटीची आहे, हे विचारावे, कारण स्वस्त नकली बॅटऱ्या लवकर फुगतात. फुगलेल्या बॅटरीमुळे तळहात टेकण्याची पट्टी किंवा टचपॅड किंचित वर उचललेले दिसते. असे यंत्र हाती घेऊच नये.

यानंतर कुलपांचा प्रश्न येतो. कंपनीचा लॅपटॉप अनेकदा दूरस्थ नियंत्रणाखाली असतो. कंपनीने आपल्या नोंदवहीतून त्याचे नाव काढले नसेल, तर प्रणाली पुन्हा नव्याने बसविताच आणि आंतरजालाशी जोडताच पडद्यावर त्या कंपनीचे नाव येते आणि तिच्या कर्मचाऱ्याचा परवलीचा शब्द मागितला जातो. यंत्राच्या मूळ मांडणीला, म्हणजे बायोसला, लावलेला परवलीचा शब्दही असाच चिवट असतो. काही नमुन्यांत तो काढण्यासाठी मुख्य पट्टीवरच काम करावे लागते. म्हणून विक्रेत्यासमोर यंत्र बंद करून बायोस उघडून पाहावे आणि शक्य असल्यास आंतरजाल जोडून प्रणालीची प्रथम मांडणी आपल्यादेखत करवून घ्यावी. जो विक्रेता याला कुरकुर करतो त्याच्याकडून निघून येणे बरे. क्रोमबुक नावाने मिळणाऱ्या लॅपटॉपांच्या बाबतीत तर प्रत्येक नमुन्याची अद्यतने बंद होण्याची तारीख आधीच जाहीर झालेली असते. ती पाहिल्याशिवाय जुने क्रोमबुक घेऊ नये.

उरलेल्या गोष्टी डोळ्यांनी आणि हातांनी तपासण्याच्या आहेत. पूर्ण पांढरा व पूर्ण काळा पडदा करून डाग पाहावेत. झाकण एका कोपऱ्याने उचलून बिजागरीचा आवाज ऐकावा. प्रत्येक कळ एकदा दाबावी. चार्जर हलविल्यावर विद्युतप्रवाह तुटतो का, हे पाहावे. एसएसडी किती तास चालली आहे आणि तिचे किती आयुष्य उरले आहे, हे सांगणारे विनामूल्य सॉफ्टवेअर मिळते. पावतीवर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. तो नसल्यास हमी कोणत्या यंत्राची, हे सिद्ध करता येत नाही. बाजारातील काही दुकाने केवळ चाचणीपुरती, थोड्या दिवसांची हमी देतात, तर संघटित विक्रेते बहुधा सहा महिने ते एक वर्ष देतात व त्याबद्दल थोडी अधिक किंमत घेतात. ज्याच्या ओळखीत कोणी जाणता माणूस नाही त्याने ही अधिक किंमत देणे योग्य ठरेल.

इतके सगळे सांभाळण्यापेक्षा टॅबलेट बरा, असे कोणाला वाटल्यास त्यात सर्वस्वी चूक नाही, आणि काही कामांना तोच योग्य आहे. चित्रकलेच्या विद्यार्थ्याला लेखणीने थेट काचेवर रेखाटता येते. ज्याला मुख्यतः ग्रंथांची छायांकित पाने वाचावयाची आहेत, प्रवासात दिवसभर यंत्र चालवावयाचे आहे, किंवा सिमकार्ड घालून कोठेही आंतरजाल वापरावयाचे आहे, त्याची सोय टॅबलेट अधिक चांगली करतो. वृद्ध माणसांना नातवंडांशी बोलण्यासाठी लॅपटॉपची यातायात कशाला? वीज वारंवार जाणाऱ्या गावी झिजलेल्या बॅटरीचा लॅपटॉप निरुपयोगी ठरतो, हीदेखील ध्यानात ठेवण्याची गोष्ट आहे. तेथे बॅटरीची कसोटी अधिक कडक लावली पाहिजे.

घराच्या हिशेबात न दिसणारी एक बाजूही या व्यवहाराला आहे. लॅपटॉप किंवा टॅबलेट यांच्या संपूर्ण आयुष्यात जो कर्बभार वातावरणावर पडतो, त्याचा मोठा हिस्सा ते वापरण्यात नव्हे तर ते बनविण्यातच खर्ची पडलेला असतो. मोठ्या निर्मात्यांनी प्रसिद्ध केलेल्या स्वतःच्या अहवालांतूनही हेच दिसते. तयार असलेल्या यंत्राची आणखी चार वर्षे वापरून घेतली, तर तेवढे नवे यंत्र बनविणे पुढे ढकलले जाते. याउलट टाकून दिलेली यंत्रे कोठे जातात, हे दिल्लीच्या सीलमपूर भागात पाहावयास मिळते. तेथे विद्युत-पट्ट्या हातांनी फोडून, जाळून किंवा आम्लात बुडवून त्यांतील धातू काढण्याचे काम वर्षानुवर्षे चालत आले आहे, आणि त्यात पुरेशा संरक्षणाशिवाय राबणाऱ्यांच्या फुप्फुसांत शिशाचा आणि आम्लाचा धूर जातो. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनी निर्माते आणि पुनर्चक्रण करणारे यांच्याबरोबरच नूतनीकरण करणाऱ्यांनाही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक केले आहे. नेहरू प्लेस किंवा लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या छोट्या दुकानात अशी नोंदणी आहे का, असे विचारले तर दुकानदार आजही चमकून पाहण्याचा संभव आहे. तरी विचारावे, आणि काही वर्षांनी त्याच लॅपटॉपची बॅटरी बदलण्याची वेळ येईल तेव्हा जुनी बॅटरी तेथेच ठेवून न येता, ती नोंदणीकृत संकलन केंद्राकडे पोचती होईल असे पाहावे.